फिनलंडची काकडी आणि कसब्यातला मी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे खाली प्रतिक्रियांमध्ये लिहायचे तुमचे कष्ट वाचतील — हो, मी थापाड्या आहे. कसबा पेठेत कोणालाही विचारा. मी सांगितलेल्या गोष्टीतून निम्मं वजा करायचं, उरलेल्याला दोनाने भागायचं आणि मग माझ्या आईला विचारून खात्री करून घ्यायची, अशी आमच्या आळीत पद्धतच पडून गेली आहे. पण हा अनुभव मात्र घडला तसाच लिहितोय. जिथे वाढवलं असेल तिथे तसं सांगेन.

दुसरं म्हणजे, भूत, चकवा, भानामती या प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही नाही. कॉलेजात असताना पैजेवर अमावास्येला ओंकारेश्वराच्या मागे नदीपात्रात झोपलो होतो. डासांनी फोडून काढलं, बाकी कोणी फिरकलंसुद्धा नाही. (डास चिमणीएवढे होते. हे वाढवलेलं आहे.) तेव्हा इथे मी काही घाबरून-बिबरून लिहायला आलेलो नाही. मी चिडून लिहायला आलोय. का, ते शेवटी कळेल.

मी मंदार. हडपसरला एका कारखान्यात नोकरीला आहे. कागद बनवणारी अजस्र मशिनं असतात, त्यांचे रोलर आम्ही बनवतो. कंपनीने मला फिनलंडला पाठवलं, तिथल्या एका कागद गिरणीत आमचे रोलर बसवून चालते करून द्यायला. गाव एवढंसं. गावाच्या नावात आकार-ऊकार इतके, की पत्ता सांगताना माणूस गळा काढून रडतोय असं वाटावं. एक गिरणी, एक तळं, एक किराणा दुकान, आणि भारतीय म्हणून मोजायचा तर मी एकटा.

घर कसब्यात, तांबट आळीच्या तोंडाशी. चार मजली इमारत, आमचा तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण ती चालते असं म्हणणं ही माझीच एक थाप आहे. घरी आई एकटी. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. आई शाळेत गणित शिकवायची, आता निवृत्त आहे. पण 'हे सिद्ध कर' म्हणायची सवय काही निवृत्त झालेली नाही. दहावीला पास झालो म्हणून पेढे घेऊन आलो, तेव्हा तिने पेढा बाजूला ठेवून आधी मार्कशीट मागितली होती. समोरच्या दारात शुभाकाकू राहतात आणि खाली तांबटकाकांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. या गोष्टीत एवढीच माणसं. आणि एक मी. म्हणजे... एक की दोन, तोच तर वाद आहे.

तर, परदेशातली पहिली दिवाळी. गिरणी दुरुस्तीसाठी बंद ठेवायची होती, आणि गिरणी बंद म्हणजे आमचं काम चालू. रजा मिळणार नव्हती. मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "ठीक आहे. काम महत्त्वाचं." आणि फोन ठेवला.

आईचं 'ठीक आहे' ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना कसं सांगू... शाळेत या दोन शब्दांवर अख्खा वर्ग गप्प व्हायचा म्हणतात. मी जन्मल्यापासून आमच्याकडे दिवाळी म्हणजे दिवाळी. बाबा गेल्यावर माणसं दोनच उरली, तरी चकल्या वऱ्हाडाला पुरतील इतक्या. कंदील मी बांबूच्या कामट्या तासून घरीच करायचो. नरक चतुर्दशीला अंधारातच आई पाट मांडायची, पाठीला खसाखसा तेल चोळायची, आणि मी डोळे न उघडता बसून राहायचो. छत्तिशीचा घोडा झालो तरी यात बदल नाही.

मग मी हट्टाला पेटलो. म्हटलं, मी घरी नसेन, पण दिवाळी सोडणार नाही.

त्या दिवशी तिकडच्या पहाटे — म्हणजे इकडे पेठेत सगळे फराळाला बसायच्या वेळेला — उठलो. बाहेर मिट्ट काळोख आणि भुरभुर बर्फ. खोबरेल तेलाचा बाटलीत दगड झालेला, तो हीटरवर ठेवून वितळवला. उटणं नव्हतं, ओटचं पीठ चोळलं. सगळं जमलं. अडलं ते कारिटापाशी.

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारीट म्हणजे सुपारीपेक्षा थोडं मोठं, कडू जहर रानफळ. दिवाळीत मंडईबाहेर त्याचे ढीग लागतात. अभ्यंगस्नानाच्या वेळी ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर ठेवायचं, 'गोविंदा' म्हणत डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, की नरकासुर मेला. आमच्याकडे नरकासुर मेल्याशिवाय फराळाच्या ताटाला हात लावायची परवानगी नाही. आता फिनलंडमध्ये कारीट कुठून आणू? किराणा दुकानात बोटाएवढ्या काकड्या मिळतात, सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, मुरवलेल्या. आदल्या दिवशीच एक बरणी आणून ठेवली होती. त्यातली सगळ्यात दुष्ट दिसणारी काकडी निवडली, बाथरूमच्या दारात ठेवली आणि दिली अंगठ्याने चिरडून. सिरक्याची पिचकारी थेट पोटरीपर्यंत. गिरणीची गाडी खाली येऊन थांबली होती, त्यामुळे पाय धड धुतला नाही. तसाच बूट चढवला, गिरणीचं नारंगी जॅकेट अडकवलं आणि पळालो.

हे मी कोणाला सांगितलं नाही. अगदी कोणालाही नाही. तळ्याकाठी अस्वलाला हातातल्या थर्मासने हाकललं, ही गोष्ट मी फोनवरून अख्ख्या पेठेला सांगितली होती. (अस्वल नव्हतं. कुत्रं होतं. तेही साखळीला बांधलेलं.) पण दिवाळीच्या पहाटे एकट्याने, टॉवेल गुंडाळून, लोणच्याची काकडी चिरडत 'गोविंदा' म्हणालो — हे सांगण्यासारखं होतं का?

जेवणाच्या सुट्टीत आईला फोन केला. साधाच. व्हिडिओ कॉल तिला चालत नाही, माणसाच्या नुसत्या नाकपुड्या दिसतात म्हणते.

"झालं अभ्यंगस्नान?" तिने विचारलं.

"साग्रसंगीत."

"कुठे केलंस?"

"बाथरूममध्ये. आणखी कुठे?"

आईने 'बरं' म्हटलं. मग म्हणाली, "इकडेही सगळं झालं. चकल्या छान झाल्यात यंदा." आणि ठेवला फोन.

नाताळात गिरणी बंद झाली आणि मी पुण्याला आलो. माझा मित्र विन्या विमानतळावर गाडी घेऊन आला होता. घरी बेल वाजवली. आईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या," ती म्हणाली. "आपण जेवणार आहात, की पेठेत कोणाकडे जेवून आलात?"

पुण्यात आई मुलाला अहो-जाहो करायला लागली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. मला वाटलं, दिवाळीचा राग असेल, उतरेल. पिशवीतून चॉकलेटं काढून दिली. तिने ती टेबलावर ठेवली, किराण्याची पुडी ठेवावी तशी. जेवायला वाढलं. तूप वाढलं नाही.

जेवून खाली उतरलो. तांबटकाका दुकानात एक बंब घासत बसले होते. मला बघून म्हणाले, "मजा आहे बुवा एका माणसाची. दिवाळीला येतोय काय, नाताळला येतोय काय. विमानाचा पास काढलायस का?"

मी म्हटलं, काका, दिवाळीला मी तिकडेच होतो.

"बरं, नव्हतास," काका शांतपणे म्हणाले आणि घासायला लागले. मग त्यांनाच राहवेना. नारंगी कोट घालून भर फराळाच्या वेळेला मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो म्हणे. महापालिकेत लागलास का, असं त्यांनी विचारलं तर मी नुसता हसलो. समोरच्या ताटातली एक करंजी उचलली आणि जिना चढून वर गेलो. काका असल्या गोष्टी रचणारे नाहीत. आयुष्यभर भांड्यांचे पोचे काढत आलेला माणूस आहे तो, आणि पेठेत गोष्टी रचायचं खातं माझ्याकडे आहे. दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यात बघू म्हटलं, तर कळलं की ते नुसतं रिकामं खोकं आहे, चोरांनी बिचकावं म्हणून लावलेलं.

मी हसत हसत वर गेलो. आता आईलाही हसवू म्हटलं. तिला काकांची गोष्ट सांगायला लागलो, तर तिने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली.

"शुभाने त्याच दिवशी दुपारी येऊन विचारलं," ती म्हणाली. "मंदार कुठे आहे, सकाळी आमच्याकडे चकल्या खाऊन गेला. मी म्हटलं, असेल इथेच कुठेतरी."

म्हणजे मी तिकडून फोन केला तेव्हा तिला हे कळलेलं होतं. 'कुठे केलंस' हा प्रश्न त्यासाठी होता. पुढे भाऊबीज होईपर्यंत तिने दाराची कडी लावली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. पोरगा पुण्यात आलाय, शेजारीपाजारी जाऊन करंज्या-चकल्या खातोय, आणि आपल्याच दारावरून पुढे गेलाय — हे मनात धरून ती बाई दोन महिने माझ्याशी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होती.

मी तिला पासपोर्ट दाखवला. तिने चष्मा लावून सगळे शिक्के तपासले, पेपर तपासावा तसे. मग म्हणाली, "शिक्का नाही, एवढ्यावरून तू आला नाहीस हे सिद्ध होत नाही. शिक्का मारणारा विसरला असेल."

"अगं पण मी खोटं कशाला बोलू?"

आईने पासपोर्ट मिटला. "तू थापाड्या आहेस हे मला मान्यच आहे, मंदार. पण इतकी वर्षं तू बाहेर जगाला थापा मारायचास आणि घरी येऊन खरं सांगायचास."

मला आयुष्यात लोकांनी खूप बोलून घेतलंय. हे वाक्य मात्र आत जाऊन बसलं. कारण खरं बोलत होतो हो मी! पहिल्यांदाच शंभर टक्के खरं बोलत होतो, आणि ज्या एका माणसाने विश्वास ठेवावा तोच ठेवत नव्हता. मी म्हटलं, चल शुभाकाकूंकडे. आत्ताच्या आत्ता. समोरासमोर होऊन जाऊ दे.

शुभाकाकूंनी आम्हाला दोघांना बसवलं आणि फार आढेवेढे न घेता सांगितलं. दार उघडंच होतं, मी आत आलो, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. कमी बोलत होतो, तेवढंच त्यांना खटकलं. ("नाहीतर तू बसलास की आम्हाला तोंड उघडायला मिळतं का?") त्यांनी फराळाचं ताट पुढे केलं, मी चकल्या तेवढ्या खाल्ल्या.

मी वकिलासारखा मान हलवत ऐकत होतो. मनात म्हटलं, दिसत असेल कोणीतरी माझ्यासारखा. जॅकेटचा फोटो तर मीच सगळ्यांना पाठवला होता. काकूंना भास झाला असेल, आणि काकांनी त्यांचं ऐकून आपलं जोडलं असेल. सगळं मनात नीट लावत आणलं होतं मी... आणि तेवढ्यात काकू म्हणाल्या,

"बाकी काही असो, तुझ्या पायाला वास कसला येत होता रे तो? चायनीजच्या गाडीपाशी येतो ना, तसला. आंबूस. तू गेल्यावर मी फरशी दोनदा पुसली."

मी म्हटलं, कुठल्या पायाला?

"मी काय हुंगत बसले होते? ओला होता एवढं बघितलं. फरशीवर ठसा उमटला होता, एकाच पायाचा. डाव्या."

वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला की नाही ते मी सांगत नाही. तुम्ही म्हणाल वाढवून सांगतोय. एवढंच सांगतो की मी शुभाकाकूंच्या पंख्याकडे बघत बसलो, आणि तो पंखा डिसेंबर असल्यामुळे बंद होता. ती काकडी मला माहीत होती आणि फिनलंडमधल्या त्या बाथरूमला माहीत होती. तिसऱ्या कोणालाही नाही.

आईला यातलं काहीच कळलं नाही. तिचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. "मग घरी का नाही आला, ते विचारलंस का शुभा?" तिने विचारलं. बघा, 'आलास' नाही म्हणाली, 'आला' म्हणाली. मी शेजारी बसलेलो असताना.

शुभाकाकू जरा घुटमळल्या. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग म्हणाल्या, "विचारलं ना. तो तुमच्या दाराकडे बघत होता. म्हणाला, आमच्याकडे दिवाळी नाही का?"

काकूच पुढे बोलल्या.

"मी तरी काय सांगणार होते हो? ना कंदील, ना रांगोळी. म्हटलं, जा की, आई आहे आत. तर उठला आणि खाली उतरून गेला. मला वाटलं, फुलं-बिलं घेऊन येत असेल."

मी आईला म्हटलं, "तू तर म्हणालीस चकल्या छान झाल्यात."

आई पदराच्या टोकाला गाठ मारत होती. "एकटीसाठी कुठे सोऱ्या काढायचा," ती म्हणाली.

आमच्या घरात थापांचं काम माझ्याकडे आहे. आईने जन्मात मारलेली ही पहिली थाप. आणि ती पकडायला आलं कोण, तर मीच — मी तिथे नसताना.

संध्याकाळी मी तिला काकडीची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, टॉवेलसकट. तिने ऐकून घेतली. शाळेत शेवटची पायरी चुकली तर ती अशीच गप्प व्हायची आणि विद्यार्थ्याने आपली आपण दुरुस्त करायची वाट बघायची. मी काही दुरुस्त केलं नाही. मग ती म्हणाली, "पाय धुवायचास की नाही रे नीट? लोकांच्या घरी तसाच गेलास." आणि उठून माझ्या पानात तूप वाढलं.

आता विन्या. विन्या म्हणजे विज्ञानाचा ठेकेदार. त्याने मला हडपसरच्या एका टपरीवर बसवून सगळं फोडून समजावलं. काकांना दिसलेला माणूस खरोखर महापालिकेचा असणार. काकूंच्या फरशीवर व्हिनेगर त्यांच्याच स्वयंपाकघरातून सांडलं असणार. 'आमच्याकडे दिवाळी नाही का' हे काकूंच्या मनातलं वाक्य, त्यांनी ते माझ्या तोंडी घातलं, कारण मैत्रिणीला तोंडावर बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, महापालिकेचा माणूस शुभाकाकूंच्या घरात शिरून चकल्या खाऊन जातो? विन्या म्हणाला, पुण्यात काहीही होतं. मी म्हटलं, पुण्यात काहीही होतं, पण पुण्यात कोणी कोणाला न विचारता आत घेऊन चकल्या देत नाही. यावर विन्या क्रीमरोलकडे वळला. चहाही मलाच पाजायला लावला.

पुढच्या दिवाळीला मी पुन्हा तिकडेच होतो. काम लांबलं, रजा नाही. आईला फोन करायचं मी दोन दिवस पुढे ढकललं. पण या वेळी ती 'ठीक आहे' म्हणालीच नाही. तिने विचारलं, "तिकडे नरक चतुर्दशीची अंघोळ कधी करणार आहेस?"

मी म्हटलं, मागच्यासारखीच, सकाळी.

"लवकर ऊठ," ती म्हणाली. बस, एवढंच.

मी ठरवलं, या वेळी परीक्षा घ्यायची. आईची नाही. त्याची. काकडी घ्यायची नाही. तसं मी विन्याला सांगितलं नाही, शुभाकाकूंना नाही, आईला तर नाहीच. किराणा दुकानात बराच वेळ फिरलो आणि उकडलेलं बीट घेतलं. अख्खं. त्या पहाटे बाथरूमच्या दारात ठेवून फोडलं. न्हाणीघर कसायाच्या दुकानासारखं दिसायला लागलं, अंगठा लालभडक. 'गोविंदा' इतक्या जोरात म्हणालो की शेजारच्या म्हाताऱ्या फिनिश बाईने भिंत ठोकली. (हे वाढवलेलं आहे. तिने नुसतं दार उघडून बघितलं.)

आणि मग गिरणीत काम करत असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आईचा. आयुष्यातला पहिला.

पडद्यावर आधी खरंच नाकपुड्या दिसल्या. मग फोन फिरला आणि आमचं घर दिसलं. दारावर कंदील होता. विकतचा होता, पण होता. उंबऱ्यापाशी रांगोळी. ताटात चकल्यांचा ढीग. ती काही न बोलता फोन फिरवत होती. पाट दिसला, ओला. तेलाची वाटी दिसली, तळाशी थोडं तेल उरलेलं.

"उशिरा उठतोस," ती म्हणाली. "पाणी किती वेळा तापवलं मी."

मी हातातला पाना खाली ठेवला. शेवटी विचारलं, "तू... बघितलंस?"

"तेल लावलं की. डोळे मिटूनच बसला होता. सवय कुठे जाते."

"आई, तोंड बघितलंस का?"

"बघितलं." फोन अजून पाटाकडेच होता, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. "वाळलायस खूप."

मी या दोन वर्षांत नऊ किलोने वाढलोय. (हे मात्र कमी करून सांगितलंय. अकरा.)

मग ती म्हणाली, "बरं, यंदा काय फोडलंस रे? अंगठा लाल झालाय नुसता. पाटाला डाग पडलाय, निघत नाहीये."

विन्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, एकटी राहते, वाट बघत होती, भास झाला असणार. मी म्हटलं, मग बीट? तो म्हणाला, योगायोग. पाटावर कुंकू सांडलं असेल. मी म्हटलं, गणिताच्या बाईला कुंकू आणि बीट यातला फरक कळत नाही? विन्या म्हणाला, तू मुळात बीट फोडलंस याला पुरावा काय?

बघा, इथे येऊन गाडी थांबते. माझ्याकडे पुरावा नाही. कारण फोटो काढला असता तर तुम्ही म्हणाला असता, नंतर काढला. पाट अजून घरी आहे, डाग अजून आहे, ज्याला बघायचा असेल त्याने कसब्यात यावं. आई दार उघडेल आणि काय काम आहे असं विचारेल. चकली मिळेलच असं नाही.

मला कोणी विचारेल, तुला त्या वेळी तिकडे काही जाणवलं का? पाठीवर ऊब, तेलाचा वास, आईचा हात? इथे लोक असंच लिहितात ना. तर ऐका — काहीही नाही! मी मुद्दाम गिरणीच्या स्वच्छतागृहात जाऊन शर्ट वर करून पाठ बघितली. कोरडी ठणठणीत. ओटचं पीठ चिकटलेलं, तेवढंच. मी चिडलोय तो यासाठी. थंडी मी खातो, बर्फ मी तुडवतो, बीट मी फोडतो, आणि आयती पाठ चोळून घ्यायला हा पुढे. चकल्या हा खाणार, तेल हा लावून घेणार, आणि आईला वाळलेला दिसणार तो मी!

तो कोण आहे ते मला माहीत नाही. माझा भास नाही, कारण मला तर तो कधी दिसलाच नाही. आईचा म्हणावा, तर काकांनी आणि काकूंनी आधी बघितला. भूत म्हणावं, तर मी जिवंत आहे — निदान पगार तरी जमा होतोय. स्पष्टीकरण नाही. विन्याकडे नाही, माझ्याकडे नाही, आणि तुमच्याकडे असेल तर तेही मला नको.

मी फक्त एवढं केलं. यंदा वर्ष सुरू होतानाच दिवाळीची रजा मंजूर करून घेतली आणि तिकीट काढलं. तिकिटाचा फोटो आईला पाठवला, कारण तिला पुरावा लागतो. तिने फोन केला.

"म्हणजे यंदा तू इथे असणार."

"असणार."

मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "दोन पाट मांडते."

मी म्हटलं, मांड. काय करायचं ते कर. पण पहिली अंघोळ माझी. पहिलं तेल माझं. हे आत्ताच ठरवून टाकतोय, नंतर वाद नको.

"ते मी कशाला ठरवू," आई म्हणाली. "जो आधी उठेल त्याची."